शहराच्या विकास आराखड्यावर हरकत घेऊन सामान्य माणसाच्या हाती काही लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं घर इंदुरात जुन्या वस्तीत आहे, नव्या आराखड्यात समोरचा रस्ता रुंद होणार अशी कुजबुज आहे, शेजारी म्हणतात ‘वर सगळं आधीच ठरलेलं असतं’ आणि पार्षद, म्हणजे नगरसेवक, म्हणतात सह्या गोळा करा. तर लिहावं का, आणि लिहायचं तर कसं?

लिहा. सह्यांवर मात्र फार विसंबू नका. मी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होतो, आता रिटायर आहे. नकाशा वाचता येतो म्हणून नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच लोकांना हरकती लिहून दिल्या. काही मानल्या गेल्या, पुष्कळशा नाही. मानल्या गेल्या त्या बहुतेक एका पानाच्या आणि एका खसऱ्यापुरत्या, म्हणजे जमिनीच्या एका नंबराच्या तुकड्यापुरत्या होत्या.

आधी कायदा. आपल्याकडे हे सगळं मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, 1973 खाली चालतं. कलम 18 प्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की 30 दिवसांत कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतं. कोणीही म्हणजे खरंच कोणीही: भाडेकरू, दुकानदार, पुण्याला नोकरी करणारा मुलगासुद्धा. मग एक समिती बसते. तिच्यात महापौर, खासदार, आमदार, आजूबाजूच्या पंचायतींचे सरपंच वगैरे असतात. मुदत संपल्यावर 90 दिवसांत तिनं सगळ्या हरकतींचा विचार करायचा आणि ज्यांना झळ पोचते त्यांना म्हणणं मांडायची संधी द्यायची. पुढे कागद नगर तथा ग्राम निवेश खात्याच्या संचालकांकडे आणि तिथून शासनाकडे जातो. समिती फक्त बदल सुचवते, शेवटची सही भोपाळची.

म्हणजे तुमचे शेजारी अर्धे बरोबर आहेत. मसुदा बाहेर येतो तोवर मोठे रस्ते, उद्योगांच्या जागा, शहर कुठल्या दिशेनं वाढणार हे ठरून गेलेलं असतं. एका घराच्या अर्जानं रिंगरोड सरकत नाही. पण रस्ता नेमका कुठून वळतो, किती रुंद धरलाय, अमक्या तुकड्यावर बागेचा हिरवा रंग आहे की व्यापारी निळा, अशा ठिकाणी जागा मिळते. का मिळते ते सांगतो, कारण सगळ्या प्रकरणाचं मर्म मला तिथं दिसतं.

आराखड्याचा नकाशा लहान प्रमाणावर काढलेला असतो. समजा प्रमाण 1:10,000 आहे. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर. रस्त्याची रेघ ओढताना हात किंवा कॉम्प्युटरचा कर्सर एका मिलिमीटरनं इकडेतिकडे झाला, तर आपल्या जुन्या वस्तीत एक अख्खं घर त्या रेघेखाली जातं. हे कोणी वाईट हेतूनं करतं असं नाही. ज्यानं रेघ ओढली त्यानं ती गल्ली पाहिलेलीच नसते, त्याच्या समोर उपग्रहाचं चित्र आणि जुन्या शीट असतात. तिथं पिंपळ आहे, विहीर आहे, मागची भिंत दोन घरांची सामाईक आहे, हे त्याला कुठून कळणार? ते तुम्हाला माहीत असतं. हरकतीत तेच लिहायचं. ‘आमच्यावर अन्याय होतो आहे’ या वाक्यावर समितीला काही करता येत नाही. ‘शीट क्रमांक अमुक, खसरा क्रमांक अमुक, प्रत्यक्ष रुंदी 7 मीटर, दाखवलेली 12 मीटर, मध्यरेषा आमच्या बाजूला ढकलली गेली आहे, ती अमुक कोपऱ्यापासून पूर्वेला घ्यावी’ यावर करता येतं. आकडे मी नमुन्याला दिलेत. तुमचे तुम्ही टेप लावून मोजा, भावाला दुसरं टोक धरायला सांगा.

अर्ज हिंदीत लिहा. विषयात ‘प्रारूप विकास योजना पर आपत्ति एवं सुझाव’ असं स्पष्ट टाका. मसुद्याबरोबर लेखी अहवालही असतो. नियम त्यात असतात आणि लोक फक्त नकाशा पाहून घरी येतात. अहवालातला परिच्छेद क्रमांक द्या. बदल हवा असेल तर बदललेलं वाक्य तुम्हीच लिहून द्या; तयार वाक्य उचलून घेणं सोपं असतं. सोबत रजिस्ट्री, संपत्तिकराची पावती आणि फोटो जोडा. आणि एका अर्जात एकच मुद्दा. माझ्या पाहण्यात असं आलंय की आलेल्या अर्जांचा तक्ता होतो: क्रमांक, नाव, विषय, अभिप्राय. दुसरा-तिसरा मुद्दा त्या एका रकान्यात मावत नाही आणि गळतो. तुमच्या पार्षदांच्या सह्यांचंही तेच. दोनशे सह्यांचा कागद तक्त्यात एक ओळ होऊन बसतो. त्याच दोनशेतल्या वीस घरांनी आपापल्या खसऱ्याचा वेगळा अर्ज दिला, तर वीस ओळी होतात आणि तेवढ्या सुनावण्या मागता येतात. कॉपी-पेस्ट केलेले वीस नकोत, ते एकत्र बांधले जातात.

खिडकी चुकवू नका. कलेक्टर कचेरीतली मंगळवारची जनसुनावणी आणि 181 ची मुख्यमंत्री हेल्पलाइन तक्रारींसाठी आहे. मसुद्यावरची हरकत नोटिशीत जो पत्ता दिलाय तिथंच आणि मुदतीतच द्यायची. दुसरीकडे दिली तर ती फिरत फिरत पोचेपर्यंत 30 दिवस संपलेले असतात. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर ‘आम्ही वेळेत सांगितलं होतं, ऐकलं नाही’ हे त्याच कागदावर उभं राहतं. हरकत मानलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, तिचा विचार झाला पाहिजे एवढं म्हणतो. हा फरक डोक्यात ठेवून गेलात तर चीडही कमी येईल.

सुनावणी आटोपशीर असते. आपल्या मराठी मंडळींची एक खोड मी पाहिलीय. घराचा इतिहास थेट होळकरांपासून सुरू करायचा. आजोबा दरबारात काय होते ते सांगता सांगता पुढच्याचं नाव पुकारलं जातं. तुमच्या वडिलांना बोलायचं असेल तर जरूर बोलू द्या, पण आधी नकाशाची प्रत टेबलावर पसरा आणि बोट ठेवून जागा दाखवा.

एक टप्पा बहुतेक लोक विसरतात. शासनानं आराखडा बदलांसह मंजूर करायचं ठरवलं तर कलम 19 खाली त्या बदलांवर पुन्हा नोटीस निघते आणि पुन्हा हरकती घेता येतात. तोवर सगळ्यांचा उत्साह मावळलेला असतो. एकदा मंजूर झालेला आराखडाही मधेच दुरुस्त होऊ शकतो, कलम 23-क प्रमाणे, आणि त्याची सूचना वर्तमानपत्रात येते. घरी दोन पेपर येत असतील तर आतल्या पानावरच्या त्या बारीक टायपाच्या जाहिराती वाचत जा. मी आता तेवढंच काम करतो, बायको हसते. पण हे दुर्लक्ष फार वर्षं भोगावं लागतं. इंदूरचा 2021 चा आराखडा 1 जानेवारी 2008 पासून लागू झाला आणि 2021 उलटून गेल्यावरही काम त्याच्यावरच चालत राहिलं.

हे झालं आराखड्याचं. नगर निगमाचे रोजचे निर्णय मात्र बरेचसे मेयर-इन-कौंसिल (महापौर आणि त्यांनी निवडलेले काही पार्षद) किंवा सगळ्या पार्षदांच्या परिषदेच्या ठरावातून होतात आणि तिथं लोकांकडून हरकती मागवायचा टप्पा दर वेळी नसतो. तिथं पार्षदच धरायला लागतो. 2020 ते 2022 या काळात इंदुरात निवडून आलेली परिषदच नव्हती, प्रशासक होते, तेव्हा धरायलाही कोणी नव्हतं. फेरीवाल्यांची स्थिती या बाबतीत कागदावर तरी आपल्यापेक्षा बरी. 2014 च्या फेरीवाला कायद्यानं त्यांच्या प्रश्नांसाठीच्या नगर विक्रय समितीत 40 टक्के सदस्य त्यांनीच निवडून दिलेले असतात. घरमालकांना असं काही नाही.

लोकांना विचारून शहर आखायची गोष्ट इंदुराला नवी नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इथं प्लेगच्या दिवसांत आले, 1918 मध्ये त्यांनी दरबाराला अहवाल दिला. त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढायला लावली, तिच्यात प्लेगचा उंदीर होता, आणि जी आळी सगळ्यात स्वच्छ तिथून मिरवणूक जाईल असं जाहीर केलं. लोकांनी आळ्या झाडून काढल्या. मला ती कल्पना आवडते, पण बारकाईनं पाहिलं तर लोकांना काम दिलं गेलं होतं, नकाशावर बोट ठेवायला बोलावलं नव्हतं. ते 1973 च्या कायद्यानं बोलावलं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मसुदा यायची वाट पाहू नका. रस्त्याची आजची रुंदी, खसरा, कागद आत्ताच गोळा करा, 30 दिवस पटवाऱ्यांच्या फेऱ्यांत जातात. अर्ज देऊन सुनावणीही झाली आणि पुढे काही कळलं नाही, तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून तुमच्या आवक नंबरापुढचा समितीचा अभिप्राय मागा. तक्त्यातली तुमची ओळ मागा, ‘काय कारवाई केली’ असं मोघम विचारू नका. मोघम प्रश्नाला ‘नियमानुसार कारवाई केली’ असं उत्तर येतं आणि पुढचे 30 दिवस फुकट जातात.