वाचक विचारतात : दिंडीत आपली ओळ कशी सापडते?

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात राहते, वय 58. मुलं मुंबईला असतात. यंदा कार्तिकीला चिपळूणहून निघणाऱ्या दिंडीबरोबर पायी पंढरपूरला जायचं मनात आहे. पण ओळखीचं कुणीच नाही. इतक्या माणसांत मी एकटी पडेन का?

उत्तर : ताई, ओळखी आतापासूनच करायला घ्या. श्रावण-भाद्रपदातच दिंडीचालकांना भेटून नाव नोंदवा. भिशी म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी किती, परतीचा प्रवास त्यात धरलाय का, सामानाला गाडी आहे का, बायकांच्या झोपण्याची-अंघोळीची सोय वेगळी असते का, हे मोकळेपणाने विचारा. गणपती झाले की त्यांच्या एकादशीच्या भजनाला दोनदा तरी जाऊन या, म्हणजे निघायच्या दिवशी चार चेहरे ओळखीचे असतील.

कार्तिक शुद्ध दशमीला पंढरपूर गाठायचं, तर कुंभार्ली घाट, पाटण, कऱ्हाड, विटा ही वाट रोज 20-25 किलोमीटर चालून दहा-अकरा दिवसांची होते. म्हणजे निघणं ऐन दिवाळीत येतं. तोवर हळवं म्हणजे लवकर पिकणारं भात कापून होतं, उशिरा पिकणारं गरवं उभं असतं. तुमचं गरवं असेल तर कापणीची माणसं आधीच ठरवून ठेवा, नाहीतर मन शेतातच अडकून राहील. मुलांनाही आताच कल्पना द्या. फराळ थोडा जास्तच करा आणि पहिल्या मुक्कामाला डबा सगळ्यांत उघडा.

चालताना तुळस घेतलेल्या बायका विणेकऱ्यांच्या मागे असतात. तिथली एक ओळ धरा आणि रोज त्याच ओळीत चाला. रोज जागा बदललीत तर तुम्ही मागे राहिलात हे कुणाच्या ध्यानात येणार नाही. ओळ ठरली की शेजारची बाईच वळून बघते. मुक्कामावर एक काम अंगावर घ्या. आपला हात तांदळाच्या उकडीला बसलेला, ज्वारीच्या पिठाला तो लगेच वळत नाही. पहिले दोन दिवस भाकरी शेकायला बसा, थापायचं तिथेच बघून शिकता येतं.

आणि पाय! माणसं दिंडीतून तुटतात ती बहुतेक फोडांमुळे. पाय दुखला की मागे पडायचं, मग गाडीत बसायचं, की ओळ सुटलीच. समुद्राच्या वाळूवर चालून डांबराची सवय होत नाही. दीड महिना आधी डांबरी रस्त्यावर 5 किलोमीटरपासून सुरुवात करून 15 पर्यंत न्या, मधूनमधून एखादी घाटी चढा-उतरा, आणि तेही वारीत घालणार त्याच पायताणांनी. नवी पायताणं अजिबात नकोत. घामाने भिजलेल्या मोज्यात कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतो, म्हणून दुपारच्या विसाव्याला मोजे बदला. टाच चुरचुरली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. घाटावर हवा कोरडी असते. घाम दिसत नाही, म्हणून पाणी पिणं कमी होतं. तहान लागायची वाट बघू नका. पहाटेच्या थंडीसाठी जाड चादर आणि कानाला रुमाल हवाच.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याचा, वय 26. अभंग येत नाहीत, टाळ कधी हातात धरला नाही, गळ्यात माळ नाही, घरात रोज मासे. मला दिंडीत घेतील का?

उत्तर : माळ नाही म्हणून सहसा कुणी परत पाठवत नाही. पण वारीभर मांस-मासळी आणि दारू वर्ज्य, हे मनापासून पाळायचं. सुकट-जवळ्याची पुडीसुद्धा पिशवीत नको.

हरिपाठाचे 27 अभंग आहेत. रोज एक म्हटलात तर महिन्याच्या आत तोंडात बसतात. तोवर ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायची ओळ, धरा. ते दर अभंगाला येतं, त्यामुळे नवख्याचाही आवाज सगळ्यांत मिसळतो. टाळाची घाई करू नका. आधी पावली, म्हणजे भजनाच्या तालावर पावलं टाकणं, शिका. त्यासाठी पुढच्याच्या हातांकडे न बघता पायांकडे बघा. एकदा पाय जमले की ताल आपोआप हातात येतो.

एका गोष्टीला नवखी तरुण मुलं बिचकतात. साठीचे आजोबा ‘माऊली’ म्हणून तुमच्या पाया पडतील. मागे सरू नका, तुम्हीही वाकून त्यांच्या पाया पडा. तिथे वय-जात बघत नाहीत, आणि न वाकता नुसतं उभं राहणं समोरच्याला लागतं.