सही करायच्या आधी तारीख बघा
वाचकांचे प्रश्न, मैदानावरच्या आणि मैदानाबाहेरच्या फुटबॉलचे

या वेळी पत्रं आणि मेसेज मिळून जेवढं आलं त्यात निम्म्याच्या वर प्रश्न करार आणि ट्रान्सफरचेच होते, त्यामुळे पेनल्टी, ऑफसाइड वगैरे पुढच्या अंकात घेऊ. मिरजेच्या ताईंचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी समजून घ्या.

प्रश्न : ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड लहानपणापासून लिव्हरपूलचा, आणि क्लबला ट्रान्सफरचा पैसा न मिळवून देता रिआल माद्रिदला गेला. ही गद्दारी नाही तर काय? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन मित्र बोलायचे बंद झालेत. (कॉलेजचा विद्यार्थी, सातारा)

मित्रा, तुझा राग मला कळतो. पोरगा गावचाच, सहा वर्षांचा असताना अकॅडमीत आलेला, चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, आणि मे २०२५ मध्ये आर्सेनलविरुद्ध अ‍ॅनफिल्डवर म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर उतरला तर घरच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मी ती मॅच बघत होतो आणि मला खरंच वाईट वाटलं. पण गद्दार कोणाला म्हणायचं? शब्द मोडला त्याला. त्याचा शब्द, म्हणजे करार, ३० जून २०२५ पर्यंतचा होता आणि तो त्याने पाळला. उलट क्लब वर्ल्ड कपला हवा म्हणून रिआलने महिनाभर आधी सोडवून घेतला, तेव्हा एका महिन्यासाठी लिव्हरपूलला साधारण १ कोटी युरो मिळाले.

आता त्याच उन्हाळ्यातलं दुसरं उदाहरण बघ. अलेक्झांडर इसाकचा न्यूकॅसलशी करार २०२८ पर्यंत होता, म्हणजे तीन वर्षं शिल्लक, आणि लिव्हरपूलला त्याच्यासाठी साडेबारा कोटी पाउंड मोजायला लागले, ब्रिटनमधला तोवरचा सगळ्यात मोठा सौदा. खेळाडू चांगला आहेच, पण किमतीत एवढा फरक पडला तो करारावर उरलेल्या वर्षांमुळे. आणि मला विचारशील तर शब्द मोडायच्या जास्त जवळ इसाक होता, कारण करार चालू असताना तो टीमबरोबर खेळायलाच तयार नव्हता. क्लबनेच आधी दिलेला शब्द मोडला असं त्याचं म्हणणं होतं, तेही ऐकून घेतलं पाहिजे, तरी मला ते पटलं नाही.

करार संपला की खेळाडू मोकळा हा नियमसुद्धा फुकट मिळालेला नाही. बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोसमनचा करार १९९० मध्ये संपला, फ्रान्समधला डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण जुना क्लब लिएज म्हणाला आधी पैसे, मग पोरगा. करार संपलेला असूनसुद्धा! तो कोर्टात गेला, निकाल लागला १५ डिसेंबर १९९५ ला, तोवर त्याची खेळायची वर्षं निघून गेली होती. आज जो जो खेळाडू करार संपवून निघतो तो त्या माणसाने लढलेल्या केसवर निघतो. तुमच्या ग्रुपमधल्या त्या दोघांना एवढं सांग आणि बोलायला लाव.

लिव्हरपूलची चूक एवढीच की हा विषय दोन वर्षं आधी मिटवायला हवा होता. त्याच टीममधल्या सालाह आणि व्हॅन डाइकच्या नव्या करारावर सह्या एप्रिल २०२५ मध्ये झाल्या, तेही अगदी गळ्याशी आल्यावर.

प्रश्न : चेल्सीने आठ-आठ वर्षांचे करार का केले? खेळाडू फेल गेला तर? (वाचक, कोरेगाव)

हिशेबासाठी. ट्रॅक्टर घेतला की त्याचा घसारा दरवर्षी थोडा थोडा लावतात ना, तसंच ट्रान्सफरची रक्कम करार जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांवर वाटून टाकतात. एन्झो फर्नांडेझला २०२३ च्या सुरुवातीला १० कोटी ६८ लाख पाउंडला घेतला, करार साडेआठ वर्षांचा, म्हणजे वर्षाला खर्च दिसतो सव्वा कोटीच्या आसपास, तोच पाच वर्षांवर वाटला असता तर दोन कोटींच्या वर गेला असता. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, मग त्याच उन्हाळ्यात हे वाटप पाच वर्षांपुरतंच धरायचं ठरवलं आणि त्या डिसेंबरमध्ये प्रीमियर लीगनेही तेच केलं. खेळाडू फेल गेला तर पगार मात्र शेवटच्या दिवसापर्यंत द्यायचाच, त्यातून सुटका नाही.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, मिडफिल्डला खेळतो. जिल्ह्याबाहेरच्या एका अकॅडमीने त्याला निवडलंय आणि ११ पानांचा इंग्रजी करार दिलाय. तीन वर्षं, पुढे दोन वर्षं वाढवायचा अधिकार त्यांचा, मध्येच सोडलं तर ५ लाख भरायचे. दोन दिवसांत सही करा नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ म्हणतात. मुलगा जेवेना झालाय. काय करू? (एक आई, मिरज)

ताई, सगळ्यात आधी, दोन दिवसांत सही करू नका. जे लोक पोराला पाच वर्षं ठेवायला निघालेत त्यांना आठवडाभर थांबायला काहीच हरकत नसावी, आणि असेल तर तिथंच काय ते समजा.

तुम्ही पानांचे फोटो पाठवलेत ते मी दोनदा वाचले. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात मुलाचं नाव, क्लबचा लोगो, अभिनंदन वगैरे आहे, आणि सातव्या पानावर खाली बारीक अक्षरात ते दोन वर्षांचं कलम आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त करता येत नाही, जास्त लिहिला तरी तो पुढचा काळ धरत नाहीत. म्हणून त्यांनी तीन लिहिलेत, आणि पुढची दोन मागच्या दाराने घातलीत. वाढवायचं की नाही ते फक्त क्लब ठरवणार, पोराला विचारणार नाही. १६ आणि ५ म्हणजे २१. फुटबॉलमध्ये १९ ते २१ ही वर्षं म्हणजे पोरगा वर जातो की राहतो ते ठरायची वर्षं, ती एकतर्फी कोणाच्या हातात देऊ नका. त्यांना सांगा, वाढवायचं असेल तर दोघांच्या संमतीने आणि पगारही तेव्हा नवा ठरवायचा. फुटबॉलवाला माणूस असेल तर मान्य करेल.

आता ५ लाख. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार त्याला बांधत नाही. हे त्यांनाही माहीत असतंय, म्हणून तर सही तुमची मागतात. पालक म्हणून तुम्ही सही केली की ते पैसे भरायचं कलम तुमच्या गळ्यात येऊ शकतं, मुलाच्या नाही. ते काढून टाकायला सांगा, नाहीतर रक्कम कशाची, कशी मोजली ते लिहून मागा. ट्रेनिंगचा खर्च असेल तर तो वर्षागणिक कमी होत गेला पाहिजे, पहिल्या महिन्यातही ५ लाख आणि शेवटच्या महिन्यातही ५ लाख हे कुठलं गणित?

आणखी एक वाक्य नवव्या पानावर आहे, करार संपल्यावरही दुसरीकडे जायचं असेल तर आधी यांना विचारायचं आणि यांनी तेवढीच ऑफर दिली तर इथंच राहायचं. याला मुळीच घाबरू नका. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानवर एका मॅनेजमेंट कंपनीने अगदी असंच कलम लावायचा प्रयत्न केला होता. करार २००० सालचा तीन वर्षांचा, तो संपला, आणि पुढची ऑफर आधी आम्हाला दाखव म्हणून कंपनी कोर्टात गेली. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये सांगितलं की करार संपल्यानंतर माणसाच्या धंद्यावर असं बंधन चालत नाही. पण हे करार संपल्यानंतरचं झालं हं. करार चालू असताना दिलेला शब्द पाळायला लागतो, तिथं झहीर खानची केस कामी येणार नाही.

हे सगळं एवढं तळमळीने का सांगतोय तर मी स्वतः १७ वर्षांचा असताना मैदानाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या उभ्या एका फॉर्मवर सही केली होती. तारखेची जागा मोकळी होती. मी विचारलं तर म्हणाले भरतो आम्ही. मला किट मिळालं, बूट मिळाले, मी त्यातच खूश. दुसऱ्या वर्षी पुण्याच्या एका टीमने बोलावलं, तर क्लबने फॉर्म काढून दाखवला, तारीख भरलेली, दोन वर्षं जास्तीची. एनओसी, म्हणजे दुसरीकडे खेळायची परवानगी, दिली नाही. अख्खा सीझन मी बाहेर बसून काढला, वडील चार वेळा त्यांच्याकडे हात जोडून आले. त्या मोकळ्या जागेत मी स्वतः पेनने तारीख लिहिली असती तर काही झालं नसतं, हे मला आज तीस वर्षांनीही रात्री कधी कधी आठवतं.

ऊसवाल्या घरांना पटकन समजेल असं सांगतो. कारखान्याकडे उसाची नोंद केली की ऊस आपलाच असतो पण तोड कधी येणार ते त्यांच्या हातात जातं. खेळाडूचंही तसंच, करार वेगळा आणि रजिस्ट्रेशन वेगळं. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाइन सिस्टीममध्ये मुलाची नोंद कोणत्या क्लबच्या नावावर आणि कधीपर्यंतची होणार ते विचारा, करार संपायची तारीख आणि ती तारीख एकच पाहिजे.

आणि हे त्यांच्याकडून लेखी घ्या : शाळा किंवा बारावीची सोय काय, राहायला कुठे, दुखापत झाली तर ऑपरेशन आणि नंतरचे सहा-आठ महिने खर्च कोणाचा. गुडघ्याची लिगामेंट गेली तर काय बिल होतं हे मिरजेत राहणाऱ्या माणसाला मी काय सांगू. विमा काढणार असतील तर पॉलिसीची प्रत मागा. सही झाली की त्याच दिवशी कराराची प्रत तुमच्या हातात आली पाहिजे, नंतर पाठवतो चालणार नाही. मध्ये कोणी एजंट असेल तर फिफाचं लायसन्स आहे का बघा, परीक्षा देऊन मिळतं ते, आणि लायसन्सवाल्यांची यादी फिफाच्या साइटवर सगळ्यांना बघता येते. सांगलीत एखाद्या ओळखीच्या वकिलाला दोन तास बसवून हे ११ पानं वाचून घ्या, जी फी होईल ती द्या.

मुलाला माझा निरोप द्या, जेव म्हणावं. १६ व्या वर्षी ज्याला एका अकॅडमीने निवडलं त्याला दुसरी पण बघते.

प्रश्न : आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) गोंधळात खेळाडूंचे पगार थांबले असं वाचलं. अशा वेळी खेळाडू सोडून जाऊ शकतो का? (वाचक, विश्रामबाग, सांगली)

जाऊ शकतो. २०२५ च्या जुलैत फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला हक्कांचा करार पुढे काय होणार हे ठरेना म्हणून नवा सीझन थांबवला गेला आणि पाठोपाठ काही क्लबनी पगार थांबवले. वरच्या साहेबांचा करार अडला आणि खाली किटमनपर्यंत सगळ्यांच्या घरातली चूल अडली, हे मला फार लागलं. फिफाचा नियम असा की दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकला तर खेळाडूने क्लबला लेखी नोटीस द्यायची, पैसे भरायला किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, तरी नाही दिले तर करार मोडायला योग्य कारण आहे असं धरतात. लेखी म्हणजे लेखी, फोनवरचं बोलणं नाही.

प्रश्न : कराडजवळ आम्ही दोघं-तिघं मिळून पोरांना शिकवतो, फी नाममात्र. उद्या आमच्यातला एखादा मोठ्या क्लबला विकला गेला तर आम्हाला काही मिळतं का? (एक कोच, कराड)

सर, मिळू शकतं, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल खरंच आभार, कारण आपल्याकडचे क्लब हे मागतच नाहीत. फिफाचा सॉलिडॅरिटीचा नियम आहे, खेळाडू पैसे मोजून परदेशी क्लबला विकला गेला की त्या रकमेतले ५ टक्के बाजूला काढायचे आणि १२ व्या वर्षापासून २३ व्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबने त्याला घडवलं त्यांना वाटायचे. समजा सौदा १ कोटीचा झाला, वाटायचे ५ लाख. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक सीझनला २५ हजार, त्यानंतरच्या प्रत्येक सीझनला ५० हजार. पोरगा तुमच्याकडे ती पहिली चार वर्षं असेल तर १ लाख तुमचे. तुमच्याकडे वर्षाला बॉल, नेट आणि प्रवास मिळून किती जातात ते तुम्हाला माहीत आहे.

पण तो करार संपवून मोकळा गेला तर ट्रान्सफरची रक्कमच नसते, मग त्यातलं काही नाही. पहिल्यांदा प्रोफेशनल होताना ट्रेनिंगची भरपाई म्हणून वेगळी रक्कम असते, तिचे नियम वेगळे, त्यावर पुढच्या वेळी लिहितो.

अडचण एकच आहे, तुमचा क्लब जिल्हा संघटनेमार्फत राज्याच्या संघटनेला जोडलेला पाहिजे आणि पोराची नोंद त्या त्या वर्षी तुमच्या नावावर पाहिजे. नोंद नसेल तर तुम्ही त्याला चालायला शिकवलं असलं तरी कागदावर तुम्ही कोणी नाही. तेव्हा जिल्हा संघटनेत जाऊन क्लबचं रजिस्ट्रेशन विचारा, आणि तोवर आज संध्याकाळीच एक शंभर पानी वही घ्या, प्रत्येक पोराची जन्मतारीख, तुमच्याकडे आल्याची तारीख, कुठल्या स्पर्धेत खेळला ते लिहा, आणि शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स त्याच पानाला टाचून ठेवा.