टोकन कृष्णवर्णीय दुकानदाराचंच, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: मी जुनी अमेरिकन टोकन्स जमवतो, म्हणजे दुकानदार स्वतःच्या नावाने पाडून घ्यायचे ते नाण्यासारखे बिल्ले, त्याच्या दुकानात माल किंवा कामाच्या बदल्यात चालणारे. हल्ली एक पितळी टोकन घेतलं, एका बाजूला न्हाव्याचं नाव, दुसरीकडे 'गुड फॉर वन शेव्ह' (एक दाढी करून मिळेल), गावाचा पत्ताच नाही. विकणारा म्हणाला आफ्रिकन-अमेरिकन माणसाचं आहे आणि भाव वाढवून लावला. खरं धरू का? आणि काळं पडलंय, घासू का?

उत्तर: घासू अजिबात नका. तो काळपटपणा शंभरेक वर्षांत चढलेला असतो, एकदा गेला की गेला.

आता मुद्द्याचं. मालक कृष्णवर्णीय होता हे टोकन सहसा सांगत नाही, कागद सांगतात. गाव नसलेल्या टोकनला संग्राहक 'मॅव्हरिक' म्हणतात, त्यामुळे आधी गाव शोधा, मग त्या गावाची सिटी डिरेक्टरी, म्हणजे रहिवाशांची नावं, धंदे आणि पत्ते छापलेलं पुस्तक, उघडा, बऱ्याच शहरांत, विशेषतः अमेरिकेच्या दक्षिणेत, कृष्णवर्णीयांच्या नावापुढे 'सी' ('कलर्ड'चा) हे अक्षर नाहीतर चांदणी छापायचे. छापली होती अपमान म्हणून, पण आज आपल्याला पुरावा म्हणून तीच कामाला येते. मग जनगणना बघा, त्यात वंशाचा रकाना असतो. १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर उरलेच नाहीत, त्यामुळे १८८० ते १९०० मधल्या माणसासाठी डिरेक्टरीचाच आधार.

नुसता 'न्हावी' म्हणजे पुरावा नाही हं, पण शक्यता नक्की आहे, कारण त्या काळी हा धंदा बऱ्याच ठिकाणी कृष्णवर्णीयांच्या हातात होता. अटलांटाचे अलॉन्झो हर्नडन १८५८ मध्ये गुलामीत जन्मले, गोऱ्या गिऱ्हाइकांची दाढी करता करता मोठी सलून्स उभी केली, पुढे विमा कंपनीसुद्धा काढली.

मला या टोकन्सचं एवढं का वाटतं सांगू? १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांमध्ये बहुतेकांचं नावच नाही, मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग, रंग. नाव लागलं ते १८७० च्या जनगणनेत. आणि त्यातलाच कुणी पुढे स्वतःचं दुकान काढतो आणि स्वतःचं पूर्ण नाव पितळेवर ठोकून घेतो, ते नाव बोटाने चाचपलं तरी गलबलून येतं.

म्हणून पुरावा हातात नसेल तर जास्तीचा भाव देऊ नका. पुरावा सापडला तर डिरेक्टरीच्या त्या पानाची प्रिंट टोकनसोबतच ठेवा, विकलंत तरी सोबत द्या.