टाकीचे लिटर नंतर बघा, आधी पंपाची हवा मोजा

तुम्ही विचारलंय की घरी आणि शेतावर वापरायला भरवशाचा हवेचा कॉम्प्रेसर कसा निवडायचा, आणि ५० लिटरची टाकी पुरेल की १०० ची घ्यावी. या टाकीवरूनच माझं आणि थोरल्या भावाचं आजही वाजतं, म्हणून लिहितो.

आमच्याकडे २ एचपीचा, ५० लिटरचा, मोटरला थेट जोडलेला कॉम्प्रेसर होता. टायरला ठीक. पण ट्रॅक्टरचा रेडिएटर किंवा मळणी यंत्र ब्लो गनने, म्हणजे हवेचा झोत मारणाऱ्या पिस्तुलाने, झाडायला घेतलं, की दोन मिनिटांत हवेचा जोर जायचा. दादाचं म्हणणं, टाकी लहान पडते. मी नको म्हणत असताना त्यानं १०० लिटरची जुनी टाकी आणून शेजारी जोडली. पहिल्या दिवशी हवा थोडी जास्त वेळ टिकली, दादा खूश. पण एकदा उतरलेली टाकी परत भरता भरेना. मोटर एकसारखी चालू, पंपाच्या हेडवर, म्हणजे वरच्या भागावर, पाण्याचा थेंब पडला तर चर्र होऊन उडायचा, रंग जळल्याचा वास. मग मोटर ट्रिप. असं करत करत एक दिवस पिस्टनच्या रिंगा गेल्या. जुन्या टाकीचा खालचा कॉक उघडला तर गंजाचं तांबडं पाणी आणि लोखंडाचे पापुद्रे. अशी टाकी फुटू शकते. आम्ही तिच्याशेजारी उभे राहून काम करत होतो!

दादा अजूनही म्हणतो, मशीनच खराब होतं. मी नव्या रिंगा बसवल्यावर घड्याळ लावून मोजलंय. मोकळी ५० लिटरची टाकी ८ बार दाबाला जायला ४ मिनिटं. ५० गुणिले ८ म्हणजे ४०० लिटर हवा, मिनिटाला १००. मिनिटाला २८ लिटर म्हणजे एक सीएफएम (मिनिटाला एक घनफूट हवा), तर साडेतीनच झाले. खोक्यावर ७ लिहिलेले. तो आकडा पिस्टन किती हवा ओढतो त्याचा असतो, बाहेर किती येते त्याचा नाही. टाकी हवा साठवते, तयार करत नाही.

तेव्हा विकणाऱ्याला प्रत्यक्ष मिळणारी हवा विचारा, जमल्यास समोर टाकी भरून मोजा. तुमच्या अवजाराला लागते त्याच्या दीडपट हवी. पट्ट्यावर चालणारा, बिडाच्या पंपाचा, पंपात वंगणाचं तेल घालायचा घ्या. सावकाश फिरतो, कमी तापतो. वीज लांबून आणायची असेल तर वायर लांबवू नका, हवेची नळी लांबवा. लांब बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि मोटर नुसती गुणगुणते. आणि काम झालं की रोज टाकीतलं पाणी काढा.

एक राहिलं. फक्त सायकल-गाडीच्या टायरात हवा भरायची आणि अधूनमधून धूळ उडवायची असेल तर यातलं काही नको, छोटा बिनतेलाचा चालेल. खिळे मारायच्या गनसारखं थांबून थांबून काम असेल तर मोठी टाकी खरंच उपयोगी पडते, तेवढ्यापुरतं दादाचं बरोबर आहे.