संगणकीय खेळांतून इतिहास खरोखर शिकवता येतो का?

येतो, मात्र खेळ हा पाठ्यपुस्तकाला पर्याय म्हणून नव्हे, तर प्रश्न उभे करण्याचे साधन म्हणून वापरायला हवा. १९७१ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तिघा शिकाऊ शिक्षकांनी आठवीच्या इतिहासाच्या तासासाठी ‘द ऑरेगॉन ट्रेल’ हा खेळ तयार केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बैलगाडीतून पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबाचे मोजके पैसे बैल, अन्न, कपडे आणि काडतुसे यांत कसे वाटायचे, हे त्यात विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते आणि अन्नात काटकसर केली, की अर्ध्या वाटेवर उपासमार गाठते. टंचाईत घेतलेल्या निर्णयाचे ओझे नुसत्या वाचनातून असे क्वचितच जाणवते.

परंतु खेळाचे नियमही कोणीतरी ठरवलेले असतात. १९९१ च्या ‘सिव्हिलायझेशन’ या संस्कृती उभारण्याच्या खेळात प्रत्येक संस्कृती शोधांच्या एकाच ठरावीक आराखड्यातून पुढे सरकते, प्रत्यक्ष इतिहास असा घडलेला नाही, आणि माझ्या मते वर्गातली सर्वांत मोलाची चर्चा इथेच सुरू होते. म्हणून ‘द ऑरेगॉन ट्रेल’सारखा खेळ संपताच त्या काळातील प्रवाशाच्या रोजनिशीतील एखादे पान वाचायला द्यावे आणि त्या वाटेवरच्या मूळ रहिवाशांची बाजू खेळात कुठे दिसली, असे विद्यार्थ्यांना आवर्जून विचारावे.