वाचकांचे प्रश्न : वर्गातले आणि शेतातले वनस्पतिशास्त्र

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत असून प्रयोगशाळा नाही. दरवर्षी मुगाला मोड आणून दाखवते. मुले ‘हे तर आमच्या घरी नेहमीच होते’ असे म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. याच उपक्रमातून आणखी काही शिकवता येईल का?
– एक शिक्षिका, अंबाजोगाई तालुका

उत्तर : मुलांचे म्हणणे रास्त आहे. उसळीसाठी मूग भिजवणे आणि वर्गात मूग भिजवणे यांत फरक पडायचा असेल, तर बी भिजवण्याआधी मुलांना एखादा असा प्रश्न पडला पाहिजे, ज्याचे उत्तर त्यांना ठाऊक नाही. मूग, सोयाबीन, हरभरा आणि तूर या चारही द्विदल बिया एकाच वेळी मातीत लावाव्यात आणि लावण्यापूर्वी प्रत्येक मुलाला वहीत लिहायला सांगावे की, कोणत्या बीची दोन दले जमिनीच्या वर येतील आणि कोणत्या बीची मातीतच राहतील. शेतकऱ्यांच्या मुलांनीही हे असंख्य वेळा पाहिलेले असते, पण त्याकडे लक्ष दिलेले नसते, त्यामुळे अंदाज हमखास चुकतात आणि वाद रंगतात. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या अर्ध्यावर कापून त्यांत काळी माती भरली आणि बी काचेजवळ लावावे तसे बाटलीच्या भिंतीलगत लावले, तर मातीखाली काय चालले आहे तेही दिसते.

मूग आणि सोयाबीन यांमध्ये दलांच्या खालचा देठ वाढतो, तो आधी कमानीसारखा वाकून मातीबाहेर येतो आणि मग सरळ होताना दलांना वर उचलतो. हरभरा आणि तूर यांमध्ये दलांच्या वरचा भाग वाढतो, म्हणून दले खालीच राहतात. हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन वर ऊन पडले की जमिनीवर कडक पापुद्रा धरतो आणि सोयाबीनची उगवण मार खाते, कारण त्या कोवळ्या रोपाला दोन जाड दले घेऊन तो पापुद्रा फोडावा लागतो. 2022 च्या खरिपात शंखी गोगलगायींनी लातूर, बीड, धाराशिव भागांत सोयाबीनची रोपे फस्त केली, तेव्हा अनेकांना दुबार पेरणी करावी लागली, हे मोठ्या मुलांना आठवत असेल. सोयाबीनचे रोप दलांच्या खाली कुरतडले गेले की फुटव्याचे सगळे डोळे वरच्या भागाबरोबर जातात. हरभऱ्याचे डोळे मातीत सुरक्षित असल्याने ते रोप पुन्हा फुटू शकते. मुलांना हे सांगू नये; दोन्ही रोपे जमिनीलगत कात्रीने कापून आठवडाभर वाट पाहायला लावावी.

ओल्या कागदाचे अस्तर लावलेल्या पेल्यात बी रुजवून, मूळ बोटाच्या पेराएवढे झाल्यावर पेला आडवा करून ठेवला, तर एक-दोन दिवसांत मूळ खालच्या दिशेला वळलेले दिसते. मात्र शेजारी एक पेला उभाच ठेवावा. तुलनेसाठी काही ठेवले नाही, तर मुलांनी नुसता देखावा पाहिला असे होते.

प्रश्न : पानात स्टार्च तयार होतो हे आयोडीनने दाखवण्याचा प्रयोग आमच्याकडे दरवर्षी फसतो. पान काळे पडतच नाही. कुठे चुकते?
– विज्ञान शिक्षक, जालना

उत्तर : आपण कोणते पान घेता आणि ते किती वाजता तोडता, हे पत्रात लिहिलेले नाही, आणि बहुधा अडचण तिथेच आहे. रात्रभरात पानातील स्टार्चचे साखरेत रूपांतर होऊन ती झाडाच्या इतर भागांकडे जाते, म्हणून सकाळी परिपाठाच्या आधी तोडलेल्या पानात स्टार्च फारसा नसतो. पान दुपारी, चांगले ऊन खाल्ल्यानंतर तोडावे. कांद्याची पात घेतली असेल, तर ती कितीही वेळ उन्हात असली तरी काळी पडणार नाही, कारण कांदा पातीत स्टार्च न साठवता साखर साठवतो; वर्गात ‘असे का झाले’ हे विचारण्यासाठी मात्र कांद्याची पात मुद्दाम ठेवावी. जास्वंदीचे पान चांगले. पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचा मनी प्लांट मिळाला तर फारच उत्तम, कारण त्याच्या एकाच पानावर हरितद्रव्य असलेला आणि नसलेला भाग शेजारी-शेजारी असतो आणि तुलना आपोआप होते.

दुसरे कारण घाईचे असते. पान आधी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवावे, मग शेगडी किंवा गॅस पूर्णपणे बंद करावा आणि त्यानंतरच स्पिरिटची बाटली उघडावी. परीक्षानळीत पान बुडेल इतके स्पिरिट घेऊन ती नळी गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करावी. स्पिरिट थेट ज्योतीवर तापवणे अत्यंत धोक्याचे आहे, तसे कधीही करू नये; गरम पाण्यात नळी ठेवण्याचे कामही शिक्षकांनी स्वतः करावे. पान फिकट होईपर्यंत थांबावे. हिरवेपणा राहिला तर आयोडीनचा रंग त्यात दडून जातो. बाहेर काढलेले पान कडक आणि ठिसूळ झालेले असते, ते कोमट पाण्यात बुडवून मऊ करून घ्यावे आणि पांढऱ्या बशीत पसरून त्यावर आयोडीनचे थेंब टाकावेत. प्रथमोपचार पेटीतील पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून वापरता येते, पण ते आधी भाताच्या एका शितावर तपासून पाहावे. शीत काळे-निळे झाले नाही, तर दोष पानाचा नाही.

प्रश्न : आम्ही येळवशीला (वेळ अमावस्येला) सहकुटुंब शेतात जातो. मुलगी आठवीत आहे. त्या दिवशी तिला शेतात काही पाहता-करता येईल का?
– एक पालक, लातूर

उत्तर : वेळ अमावस्या मार्गशीर्षात येत असल्याने रब्बीची पिके ऐन भरात असतात, याहून चांगला दिवस शोधूनही सापडणार नाही. जाताना तांबड्या जास्वंदीची दोन-चार फुले सोबत न्यावीत. पाकळी पांढऱ्या कागदावर घासली की जांभळट डाग उमटतो. दव सुकण्याआधी हरभऱ्यात जाऊन तो कागद पानांवरून हलकेच फिरवला, की डाग गुलाबी-तांबडा होतो. हरभऱ्याच्या पानांवर बारीक ग्रंथियुक्त लव असते आणि तिच्यातून मुख्यतः मॅलिक आम्ल आणि ऑक्झॅलिक आम्ल बाहेर पडते. पूर्वी बायका पहाटे हरभऱ्यावर धोतर किंवा लुगडे पसरून, ते पिळून जी आंब गोळा करत, ती हीच. तुलनेसाठी दुसरा कागद शेजारच्या ज्वारीच्या ओल्या पानावर फिरवावा. भिंगातून ती लव आणि प्रत्येक केसाच्या टोकावरचा थेंब स्पष्ट दिसतो.

भज्जी-आंबिलीचे जेवण झाले की खुरपे घेऊन हरभऱ्याचे एक झाड मातीच्या ढेकळासकट काढावे. झाड उपटू नये, काळ्या रानात मुळांवरच्या गाठी मागेच तुटून राहतात. ढेकूळ बादलीत भिजत ठेवून माती सैल होऊ द्यावी, मग मुळे हळूहळू धुवावीत. मुळांच्या बाजूला चिकटलेल्या, नखाने सहज सुटणाऱ्या गाठी दिसतील. त्यांत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात आणतात. एक गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी किंवा तांबूस रंग असेल तर ती गाठ कामात आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा असून ते आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्याच घराण्यातले आहे. आतून हिरवट-तपकिरी झालेली गाठ जुनी आणि निकामी समजावी. फुगीरपणा मुळाच्या अंगातच असेल आणि नखाने सुटत नसेल, तर ती सूत्रकृमीची (मुळांत शिरून पिकाचे नुकसान करणाऱ्या सूक्ष्म कृमीची) गाठ असण्याची शक्यता आहे, आणि ती पाहून आजोबांना आनंद होणार नाही. युरिया भरपूर दिलेल्या आणि अजिबात न दिलेल्या वाफ्यातील झाडांच्या गाठी मोजून पाहिल्यास मुलीच्या वहीत एक चांगला तक्ता तयार होईल. आयते नत्र मिळाले की झाड गाठींवर फारसा खर्च करत नाही.

प्रश्न : ‘एवढे मोठे झाड माती खाऊन वाढते, मग तिथे खड्डा का पडत नाही?’ असे नातवाने विचारले. काय सांगावे?
– निवृत्त मुख्याध्यापक, नांदेड

उत्तर : नातवाने फार मोठ्या माणसाचा प्रश्न विचारला आहे. सतराव्या शतकातील फ्लेमिश शास्त्रज्ञ यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट यांनी 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचे विलोचे रोप लावून पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड सुमारे 169 पौंडांचे झाले आणि माती वाळवून तोलली तर जेमतेम 2 औंस घटली होती. त्यांच्या मृत्यूनंतर 1648 साली हे प्रसिद्ध झाले. झाड पाण्यापासूनच बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि हवा विसरले. झाडाच्या कोरड्या वजनातला बहुतेक भाग हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून येतो. कुंडीत मक्याचे रोप लावून, उन्हात वाळवलेली माती आधी आणि नंतर किराणा दुकानातील काट्यावर तोलून नातवाला हे करून पाहता येईल. बारीक मुळे मातीतून वेचून काढण्याचे काम किचकट आहे, ते आजोबांकडेच येणार.

प्रश्न : परिसरातील झाडे गोळा करताना मुलांनी कोणत्या झाडांपासून दूर राहावे?
– शिक्षिका, परभणी

उत्तर : धोतरा आणि कण्हेर यांचा कोणताही भाग, तसेच एरंड आणि गुंज यांच्या बिया तोंडात जाता कामा नयेत. दिसायला सुंदर असल्याने गुंजा मुलांच्या खिशात हमखास सापडतात. एरंडाचे उगवणारे रोप दले दाखवण्यासाठी उत्तम असले, तरी लहान वर्गांत त्याऐवजी भेंडी लावावी. गाजर गवत उघड्या हातांनी उपटू देऊ नये, त्याने काहींच्या त्वचेला तीव्र खाज सुटते. रुईचे पान तोडताच चीक येतो; तो हाताला लागला तर डोळ्यांना हात लावण्याआधी साबणाने धुवावा, आणि डोळ्यांत गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धूत राहून मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.