आप्पा माऊसला हात का लावत नाहीत?

कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलाची ही काळजी. आप्पा सत्तरीचे, मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. घरात कॉम्प्युटर आहे, पण जमिनीचा उतारा बघायचा झाला तरी मुलालाच हाक. शिकवायला बसवलं की ‘आता या वयात कशाला’ म्हणून उठतात. त्यांची भीती कशी घालवायची? (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आप्पांशी एकट्याने बोललो, तर आधी निघालं ते डोळ्यांचं. चष्मा बायफोकल. जवळचं भिंग खाली आणि स्क्रीन मात्र समोर उंचावर, म्हणजे मान मागे टाकून वाचायचं. थोड्याच वेळात मान आखडायची, आप्पा उठायचे, आणि घरचे त्याला टाळाटाळ म्हणायचे. स्क्रीन खाली उतरवून जराशी मागे कलती केली, डोळ्यांपासून दोनेक फुटांवर ठेवली. डिस्प्लेचं स्केल १५० टक्के केलं, म्हणजे अक्षरं मोठी झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे अंतर सांगून वेगळा चष्मा करून घेतला, तर आणखी बरं.

दुसरी अडचण डबल क्लिकची. विंडोजमध्ये मुळात दोन क्लिकमध्ये ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धाच सेकंद मिळतो. तेवढ्यात म्हातारा हात हलतो, माऊस सरकतो, आणि फाइल उघडायच्या ऐवजी उचलली जाऊन दुसरीकडे पडते. आप्पांना वाटे, आपण काहीतरी मोडलं. म्हणून डबल क्लिक शिकवायचाच नाही. एकदा क्लिक, मग एंटर. माऊसचा बाण मोठा करायचा, त्याचा वेग कमी करायचा.

इतकं झाल्यावर जे उरलं, ती खरी भीती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तपासलेल्या माणसाला नातवंडांसमोर चुकायचं नव्हतं. तेव्हा शिकताना नातवंडं खोलीत नकोत. मुलानेही माऊस हातात घ्यायचा नाही, कितीही वेळ लागो. ‘सोपं आहे हो’ असं तर म्हणूच नये. सोपं असूनही जमलं नाही, तर लाज दुप्पट होते.

पहिला धडा चुकण्याचाच ठेवला. आप्पांनी चार ओळी लिहायच्या, कंट्रोल आणि ए दाबून सगळ्या निवडायच्या, डिलीट करायच्या. पान कोरं. मग कंट्रोल आणि झेड: ओळी परत. हे त्यांनी पुन्हा पुन्हा केलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, ‘आता पुढे काय?’ लाईट गेली तर लिहिलेलं जाईल ही धास्तीही होती; त्यासाठी छोटा यूपीएस लावला आणि लिहिलेलं सेव्ह करणारं कंट्रोल-एस अंगवळणी पाडलं.

मग उतारा. तो त्यांना खरोखर हवा होता, म्हणून तोच घेतला. ‘भूमी’च्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या साइटवर जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव, सर्व्हे नंबर याच क्रमाने जावं लागतं, वरचा रकाना भरल्याशिवाय खालची यादी येत नाही. नावं कन्नडमध्ये. आप्पांनी जुन्या उताऱ्यावरून ती अक्षरं स्वतः वहीत उतरवून घेतली. मुलाने लिहून दिलेली चिठ्ठी इथे उपयोगी पडत नाही. सर्व्हे नंबरनंतर येणाऱ्या ‘सर्नोक’ या जोड-क्रमांकाच्या रकान्यात बहुधा नुसती चांदणी (*) असते. ते काहीतरी बिघडलंय असं वाटून आप्पा थांबायचे. ती चांदणीच निवडायची, मग हिस्सा. पान यायला वेळ लागतो तेव्हा घाईने पुन्हा क्लिक होतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून क्लिक केल्यावर मनात वीसपर्यंत मोजायची सवय लावली.

एक भीती मात्र आम्ही घालवली नाही: ‘कोणीतरी पैसे काढून घेईल’ ही. ती योग्य आहे. तिला फक्त नियम दिले. ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही, मुलाच्या नावाने फोन आला तरीही. बँकेचं काम मुलगा शेजारी असतानाच. पैसे गेलेच, तर लपवायचं नाही, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर आप्पांच्याच अक्षरात आहे. त्या फोननंतर घरात कोणी रागावणार नाही, हे मुलाने त्यांना आधीच सांगून ठेवावं. रागावतील या भीतीने गप्प बसण्यातच मोलाचा वेळ जातो.